२३८ नव्या लोकल येणार म्हणजे नक्की काय येणार?

आठसतरा_बदलापूर

परवा ऑफिसात डबा खाताना विषय निघाला आणि टेबलावर सरळ दोन तट पडले. मुंबईसाठी २३८ एसी लोकल घ्यायच्या आहेत. त्यातल्या ४७ एमयूटीपी ३ (मुंबईच्या रेल्वे सुधारणेचा मोठा प्रकल्प, टप्पा ३) मधल्या आणि १९१ एमयूटीपी ३अ मधल्या. दोन्ही मिळून १९,२९३ कोटींचा मामला. आमच्यातला एक म्हणाला, "आता काय, चार-पाच वर्षांनी पाय पसरून बसून जायचं." दुसरा म्हणाला, "जुन्या काढतील, नव्या लावतील. तू आज जिथे लोंबकळतोयस तिथेच राहशील, फक्त घाम येणार नाही."

मी १९ वर्षं बदलापूरची ८:१७ पकडतोय. गाडीची वेळ दोन-चार मिनिटं इकडेतिकडे सरकली, पण आमच्या ग्रुपचं नाव ८:१७ च राहिलं. सुरुवातीला विंडो मिळायची, मग चौथी सीट, आता अंबरनाथ यायच्या आत दोन पाय नीट टेकले तरी दिवस चांगला जातो. मधल्या काळात सिमेन्स कंपनीच्या गाड्या आल्या, बंबार्डिअरच्या आल्या, एसी आल्या. प्रत्येक वेळी पेपरात "प्रवाशांना दिलासा" छापून आलं. तो दिलासा बहुतेक ठाण्याला उतरत असावा, बदलापूरपर्यंत काही पोहोचला नाही.

प्रश्न साधा आहे. गाड्या वाढल्या म्हणजे फेऱ्या वाढतात का? वाढत नसतील तर एवढ्या गाड्या कशासाठी? इथे रेल्वेतले जाणकार बरेच आहेत, म्हणून विचारतोय. राजकारण नको, प्लीज.

खिडकीतला_वारा

फेऱ्या वाढतील हो. रविवारी. मेगाब्लॉकमध्ये.

पेंटोग्राफ

@आठसतरा, प्रश्न बरोबर जागी विचारलात. बातम्यांमध्ये रेक, गाडी आणि फेरी हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, तिथेच घोळ होतो. रेक म्हणजे डब्यांचा जोडलेला संच, जो रात्री कारशेडला जाऊन झोपतो. फेरी म्हणजे त्या रेकचं एक जाणं. एक रेक दिवसभरात अनेक फेऱ्या करतो. मुंबईत रोज बत्तीसशेच्या आसपास फेऱ्या होतात, त्यासाठी काही बत्तीसशे गाड्या लागत नाहीत.

आता सकाळचे ८ ते १० घ्या. कल्याण-ठाणे-सीएसएमटी फास्ट मार्गावर त्या वेळी दोन गाड्यांमधलं अंतर साधारण तीन-चार मिनिटांचं असतं. त्यात मेल-एक्स्प्रेस घुसतात. म्हणजे रूळ भरलेलाच आहे. तुम्ही उद्या पन्नास नवे कोरे रेक फुकट आणून दिलेत तरी त्या दोन तासांत ते चालवायचे कुठे? दुपारी चालवता येतील. दुपारी तुम्ही ऑफिसात.

त्यामुळे रेकच्या ऑर्डरकडे एकटं बघून चालत नाही. त्याच एमयूटीपी ३अ मध्ये कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आहे, कल्याण-आसनगाव चौथी आहे, बोरिवली-विरार पाचवी-सहावी आहे, आणि सीबीटीसी ही नवी सिग्नल यंत्रणा आहे. एमयूटीपी ३ मध्ये पनवेल-कर्जत नवा लोकल मार्ग आणि विरार-डहाणू चौपदरीकरण आहे. हे रूळ झाले आणि सिग्नल सुधारला तर त्यावर पळवायला गाड्या हव्यात, म्हणून ही ऑर्डर. गाड्या आधी आल्या आणि रूळ नंतर, तर तुमचा दुसरा मित्र खरा ठरेल. उलटं झालं तर रूळ तयार आणि वर धावायला काही नाही. दोन्हीची वेळ जमवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

आणि हो, काही नव्या गाड्या जुन्यांच्या जागी येणारच. लोकलचा डबा साधारण २५ वर्षं चालतो असं धरतात. सिमेन्सच्या पहिल्या गाड्या २००७ च्या. करा हिशोब.

विरारची_मी

पाय पसरून बसणार म्हणणाऱ्या त्या मित्राला एकदा आमच्या लेडीज डब्यात पाठवा. अंधेरीला.

आठसतरा_बदलापूर

@पेंटोग्राफ, धन्यवाद. म्हणजे रूळ भरलाय म्हणून गाड्या वाढत नाहीत, आणि रूळ वाढला की गाड्या कमी पडतात. आमच्या घरी कपाट आणि साड्यांचं असंच आहे.

जुना_फिटर

नमस्कार. मी कारशेडमध्ये ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

पेंटोग्राफ यांनी रूळ सांगितला. मी तार सांगतो.

भारतातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, हार्बरवरून. तेव्हा १५०० व्होल्ट डीसी होतं. पश्चिमेला १९२८ साली कुलाबा ते बोरिवली वीज आली. पुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसी झालं (हा एसी विजेचा प्रकार, थंड हवेचा नव्हे), पण मुंबई डीसीवरच अडकून पडली, कारण इथे गाड्या बंद ठेवून काम करायला रात्रीचे चार तास सोडले तर वेळच नाही. मग टप्प्याटप्प्याने बदललं. पश्चिम २०१२ ला पूर्ण, मध्य मुख्य मार्ग २०१५ ला, हार्बर एप्रिल २०१६ ला. एवढी वर्षं अर्ध्या वाटेवर डीसी आणि अर्ध्यावर एसी. त्या काळात ज्या गाड्या मागवल्या त्या दोन्हीवर चालतील अशाच मागवाव्या लागल्या. साधी डीसी गाडी कमी भावात मिळाली असती, पण दहा वर्षांत भंगारात गेली असती. आमच्या जेसपच्या जुन्या गाड्यांचं तेच झालं. चांगल्या चालत होत्या बिचाऱ्या. मोटरकोचचा तो घुंईंग आवाज अजून झोपेत ऐकू येतो.

दुसरी गोष्ट उंचीची. पहिली एसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये कुर्ल्याला आली. गाडी झकास. पण तिची उंची नेहमीच्या लोकलपेक्षा जास्त, आणि मध्य रेल्वेवरचे ब्रिटिशांच्या वेळचे काही पूल बुटके. शेवटी ती पश्चिमेला दिली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी ती बोरिवलीहून चर्चगेटला धावली. मध्यला एसी लोकल मिळायला जानेवारी २०२० उजाडलं, तीही ठाणे-पनवेल. म्हणून मी नेहमी म्हणतो, नवरी बघायला जाण्याआधी आपल्या घराची चौकट मोजा.

खिडकीतला_वारा

फिटरकाका, नवरीवाली ओळ फ्रेम करून रेल्वे बोर्डात लावायला हवी.

सदाशिव_पेठ_४११०३०

आमच्याकडे पुण्यात मेट्रोला तीन डबे आहेत आणि आम्ही समाधानी आहोत. गरजा कमी ठेवाव्यात.

विरारची_मी

@सदाशिव_पेठ, तुमच्या मेट्रोत तीन डबे आणि आमच्या एका दारात तेवढी माणसं.

पेंटोग्राफ

पुणेकरांना टपली मारायच्या आधी एक: पुणे मेट्रोनेही वाढीव गाड्या मागवल्या आहेत. मार्ग वाढला की तिथेही तेच गणित. त्यात गंमत अशी की पहिल्या ३४ गाड्या ज्यांनी बनवल्या त्या तितागडलाच पुढची १२ गाड्यांची ऑर्डर दिली. तीन डब्यांच्याच, म्हणजे ३६ डबे. त्याच कंपनीकडून तीच गाडी घेतली की सुटे भाग तेच, चालकांचं प्रशिक्षण तेच, चाचण्याही कमी. निविदेत दुसरा स्वस्त देणारा आला तर मात्र एकाच डेपोत दोन जातींच्या गाड्या सांभाळत बसायचं. मुंबईत तर जेसप, बीएचईएल, सिमेन्स, बंबार्डिअर, मेधा... फिटरकाकांना विचारा काय व्हायचं.

जुना_फिटर

काय व्हायचं? प्रत्येकाची वेगळी कपाटं, वेगळे ड्रॉइंग, वेगळे भाग. एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा नाही. संप झाला तरी चालेल पण स्टोअरकीपर रजेवर गेला की हाल.

गणितमास्तर

मूळ प्रश्नाला थोडं आकड्यांनी भिडतो. सूत्र सोपं आहे. लागणारे रेक = एका रेकचा पूर्ण फेरा (जाणं, येणं आणि दोन्ही टोकांना थांबणं) भागिले दोन गाड्यांमधलं अंतर.

उदाहरणापुरतं बदलापूर-सीएसएमटीचा पूर्ण फेरा २०० मिनिटांचा धरू. दर १० मिनिटांनी गाडी हवी तर २० रेक लागतील. आता समजा फाटकं बंद केली, सिग्नल सुधारले, मुंब्र्याच्या अलीकडे उगाच थांबणं कमी झालं आणि जाताना दहा, येताना दहा मिनिटं वाचली. फेरा १८० मिनिटांवर आला. तेवढीच सेवा द्यायला १८ रेक पुरतात. दोन रेक वाचले. वरच्या आकड्याने एक रेक सरासरी ८१ कोटींचा पडतो (१९,२९३ भागिले २३८). म्हणजे दहा-दहा मिनिटं वाचवणं हे १६२ कोटींच्या गाड्या घेण्याइतकंच आहे.

दिव्याचं फाटक आठवतंय ना? ते उघडलं की चारही मार्गांवरच्या गाड्या उभ्या. त्या फाटकात किती रेक अडकून पडले असतील याचा हिशोब कुणी मांडला का?

टेम्सकाठी

गणितमास्तरांचं सूत्र इथे लंडनमध्ये नेमकं उलट्या बाजूने वापरलं गेलं, म्हणून लिहितो. (मूळचा मुलुंडचा, आता १२ वर्षं इकडे. मुलुंडला उतरायला दार धरायची सवय अजून सुटलेली नाही, इथले लोक विचित्र बघतात.)

इथे एलिझाबेथ लाइन ही नवी शहरी रेल्वे २४ मे २०२२ ला सुरू झाली. ७० गाड्या, नऊ डब्यांच्या, डार्बीच्या कारखान्यात बनवलेल्या. दोन वर्षांत त्याच जातीच्या आणखी १० गाड्यांची ऑर्डर दिली, सुमारे ३७ कोटी पौंडांची. कारण वाचून मला मजा वाटली. ओल्ड ओक कॉमन नावाचं मोठं स्टेशन होतंय, हाय स्पीड टू ही वेगवान रेल्वे तिथे येऊन मिळणार. एलिझाबेथच्या गाड्या तिथे थांबल्या की प्रत्येकीचा फेरा लांबणार. म्हणजे फेऱ्या आहेत तेवढ्याच ठेवायच्या तरी जास्त गाड्या हव्यात. त्याशिवाय गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झालेली.

दुसरं कारण लोक कमी बोलतात. तो डार्बीचा कारखाना रिकामा पडायला आला होता, जुनी ऑर्डर संपत आलेली आणि नवी लांबलेली. मधल्या काळात कारागीर पांगले की पुन्हा जमवणं महाग. या १० गाड्यांनी ती पोकळी भरली.

आणि फिटरकाका, चौकट मोजायची गोष्ट इथेही आहे. या गाड्या सुरुवातीला सातच डब्यांच्या चालवाव्या लागल्या, कारण लिव्हरपूल स्ट्रीटचे जुने फलाट आखूड होते. फलाट वाढवले, मग दोन डबे जोडले. गोऱ्यांचीही नवरी दारात अडकते.

आठसतरा_बदलापूर

हे भारी आहे. म्हणजे २३८ मधल्या काही गाड्या नुसत्या "आहे तेवढंच टिकवायला" जाणार? पनवेल-कर्जत, डहाणूपर्यंत चौपदरी, उरणचा मार्ग (तो जानेवारी २०२४ ला पूर्ण सुरू झाला)... जाळं वाढतंय तसतशा गाड्या टोकाला पांगणार.

पेंटोग्राफ

अगदी. जाळं लांब झालं की गाड्या पातळ होतात. पोळी लाटण्यासारखं आहे, कणीक तेवढीच.

सरळमार्गी

सगळे एवढे तांत्रिक झालात, पण मूळ दुखणं कुणी बोलत नाहीये. २३८ च्या २३८ एसी कशासाठी? ऑगस्ट २०२२ विसरलात? मध्य रेल्वेने दहा फेऱ्या साध्याच्या एसी केल्या, तेव्हा कळव्याला लोक कारशेडच्या रुळांवर उतरले, बदलापूरलाही राडा झाला. आठवड्याभरात त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांना थंड हवा नको होती असं नाही. आपली रोजची गाडी गेली आणि तिच्या जागी पास परवडत नाही अशी आली, हे नको होतं. मे २०२२ मध्ये एसीचं तिकीट निम्म्यावर आणलं, बरोबर आहे, पण रोज जाणारा माणूस पासवर जातो, तिकिटावर नाही. बारा डब्यांची एक एसी आली आणि साधी गेली की त्या साध्यातले लोक पुढच्या साध्या गाडीत चढतात. आधीच फुटलेल्या गाडीत.

थंडडोकं

@सरळमार्गी, पासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो भाड्याचा प्रश्न आहे, गाडीचा नाही. भाडं कागदावर बदलता येतं, गाडी वर्षानुवर्षं तशीच राहते. बंद दार हवं की नको ते आधी ठरवा.

९ जून २०२५ ची सकाळ. दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या, दारात लटकलेले प्रवासी पडले, माणसं गेली. त्या दिवशी मी त्याच मार्गावर मागच्या गाडीत होतो. कुणी काही बोलत नव्हतं, सगळे फोनवर घरी कळवत होते की मी ठीक आहे. त्यानंतर ठरलं की नव्या गाड्यांना दारं आपोआप बंद होणारी. ती एसी असो वा साधी.

सरळमार्गी

मी बंद दाराच्या विरोधात नाहीच. उलट साध्या गाडीला बंद दार द्या, हीच मागणी आहे. दाराला झडपा, छतावरून हवा, डब्यातून डब्यात जायला वाट, असा साध्या लोकलचा आराखडा त्या अपघातानंतर रेल्वेनेच मांडला. मग ऑर्डरमध्ये सगळ्या एसीच का?

विरारची_मी

बंद दाराबद्दल एक बाईमाणूस म्हणून. एसीत मी दोन वर्षं पासावर गेले. आवडतं मला. पण दार बंद व्हायला लागलं की कुणीतरी बॅग मध्ये घालतंच. दार उघडतं, पुन्हा बंद, पुन्हा बॅग. सगळी दारं लागल्याशिवाय गाडी हलत नाही. आपल्याकडे गाडी स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते. त्यात दोनदा दार उघडलं की मागची गाडी बाहेर सिग्नलला. गणितमास्तर, तुमची वाचवलेली दहा मिनिटं एका बॅगेने खाल्ली बघा.

गणितमास्तर

@विरारची_मी, उत्तर नाही माझ्याकडे. बॅगेचं सूत्र अजून सापडलेलं नाही.

थंडडोकं

त्याचं उत्तर रुंद दारं, जास्त दारं आणि आतून सलग गाडी. आज एका डब्यात चढलात की तिथेच चेपून उभं राहायचं, शेजारचा डबा रिकामा असला तरी जाता येत नाही. आतून वाट असली की माणसं पसरतात. सध्याच्या एसीत सहा-सहा डब्यांचे दोन तुकडे आतून सलग आहेत, त्याचा फरक जाणवतो.

कांदाभजी

मी एक बारीक खडा टाकू का? २३८ हा आकडा बारा डब्यांचा रेक धरून आहे. २३८ गुणिले १२ = २,८५६ डबे. २०२५ मध्ये जी निविदा काढली त्यात २,८५६ डबेच आहेत, पण गाड्या बारा, पंधरा आणि अठरा डब्यांच्या करता येतील अशी सोय धरलेली आहे. सगळ्या पंधराच्या केल्या तर १९० गाड्या होतात. सगळ्या अठराच्या केल्या तर १५८ आणि वर बारा डबे उरतात.

तेव्हा उद्या "२३८ गाड्या कुठे गेल्या?" असं कुणी ओरडू नका. डबे तेवढेच असतील.

पेंटोग्राफ

+१, हा खडा नाही, धोंडा आहे. आणि @आठसतरा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच दडलंय. रूळ भरला असेल तर फेऱ्या वाढत नाहीत, पण त्याच फेरीत तीन डबे जास्त घालता येतात. बारावरून पंधरा म्हणजे पंचवीस टक्के जास्त माणसं, एकही नवी फेरी न वाढवता. पश्चिमेला अंधेरी-विरार स्लोवर जून २०२१ पासून पंधरा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. मध्यवर पंधरा डब्यांच्या अगदी मोजक्या. अडचण फलाटांची. स्लो मार्गावर प्रत्येक स्टेशनाचा फलाट लांबवायचा म्हणजे सिग्नल हलवा, पादचारी पूल हलवा, टोकाला नाला असेल तर नाला हलवा.

कोळीवाड्यातून

सगळे ऑफिसवाले बोलताय. लगेजच्या डब्याचं काय? माझी आई सफाळ्याहून पाट्या घेऊन यायची, मासळीची टोपली डोक्यावर, पहाटेच्या गाडीत. भाजीवाल्या, दूधवाले, डबेवाले, सगळे त्या डब्यात. सध्याच्या बहुतेक एसी गाड्यांत लगेजचा डबाच नाही. सगळ्या एसी झाल्या तर या लोकांनी टेम्पो करायचा का? डबेवाल्याचा तो लांबलचक क्रेट आतून सलग असलेल्या थंड गाडीत नेऊन बघा.

थंडडोकं

खरंय. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

खिडकीतला_वारा

बंद एसी डब्यात सुकट. दरवाजे आपोआप उघडतील.

कोळीवाड्यातून

हसा हसा. रविवारी तीच सुकट शोधत येता ना आमच्याकडे?

चिकूबागेतला

या गाड्या राहणार कुठे, हेही विचारा. निविदेत ३५ वर्षांची देखभाल गाडी देणाऱ्यावरच आहे, आणि त्यासाठी दोन नवे डेपो: मध्यला भिवपुरी, पश्चिमेला आमचं वाणगाव. म्हणजे ज्याने गाडी बनवली त्यानेच ती पस्तीस वर्षं सांभाळायची. तत्त्व चांगलं आहे, कारण मग बनवतानाच तो काटकसर करत नाही.

पण नकाशा बघा. वाणगाव डहाणूच्या एक स्टेशन अलीकडे, भिवपुरी कर्जतच्या अलीकडे. मुंबईत आता जागाच नाही, म्हणून टोकाला. आमच्याकडे आत्तापर्यंत वाणगाव म्हणजे मिरची, आता वाणगाव म्हणजे लोकल होणार.

जुना_फिटर

टोकाला डेपो वाईट नसतो. सकाळी गाड्या टोकाहूनच भरून निघतात. रात्री शेवटची फेरीही टोकालाच जाते. कळव्याचं कारशेड मध्ये आहे, म्हणून तर लोक थेट शेडमध्ये जाऊन गाडीत बसायचे. आम्ही गाडीखाली हातोडी घेऊन आणि वर डब्यात रमीचा डाव मांडलेला. एकदा एक गृहस्थ खिडकीतून मला म्हणाले, "लवकर करा हो, ८:५० चं मस्टर आहे."

सदाशिव_पेठ_४११०३०

महाराष्ट्रात लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभारलाय ना? मग मुंबईच्या लोकल तिथेच का नाहीत? चेन्नईहून का आणायच्या?

कांदाभजी

लातूरला आधी वंदे भारत स्लीपरचं काम आहे, १२० गाड्यांचं, भारतीय-रशियन कंपनीकडे. पण मुद्दा वाईट नाही. लंडनकरांनी डार्बीचं सांगितलं तेच. कारखाना उभारणं सोपं, त्याला वर्षानुवर्षं ऑर्डर पुरवत राहणं अवघड.

मराठवाडी_मिरची

लातूरमध्ये मुंबईची लोकल बनली तर बरं होईल, निदान आमच्याकडे एक तरी लोकल दिसेल.

व्यवस्थापक

लातूरच्या विषयावर आलेले सात प्रतिसाद काढले आहेत. कोणत्या पक्षाने काय केलं यासाठी दुसरा धागा आहे. इथे गाड्यांवर बोला.

टेम्सकाठी

एक राहिलं. सीबीटीसीचं पेंटोग्राफ यांनी नुसतं नाव घेतलं. एलिझाबेथच्या मधल्या बोगद्यात ताशी २४ गाड्या जातात त्या याच सिग्नलमुळे. पण तो सिग्नल गाडीच्या आतही बसवावा लागतो. जुन्या गाडीत नंतर घुसवणं म्हणजे जुन्या घरात वायरिंग बदलण्यासारखं, भिंत फोडावी लागते. नव्या गाडीत आधीपासून बसवून घेणं कितीतरी सोपं. ऑर्डर आणि सिग्नल एकाच हिशोबात का, याचं हेही कारण.

आठसतरा_बदलापूर

चार दिवसांनी धागा उघडला तर केवढं झालंय! सगळं वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं कळलं तर मग आता गाडीत बसायला मिळणार का?" तर @पेंटोग्राफ, @फिटरकाका, माझ्या ८:१७ पुरतं सांगा. रेक, फेरी, सीबीटीसी सगळं बाजूला.

पेंटोग्राफ

तुमच्या ८:१७ पुरतं: कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका झाली तर मेल-एक्स्प्रेस आणि लोकल वेगळ्या होतील. मग बदलापूरहून सकाळी आणखी काही गाड्या सोडता येतील, नव्या रेकचा उपयोग तेव्हा होईल. पण त्या पुढे कल्याणहून त्याच जुन्या मार्गांवर येणार. कुर्ला-सीएसएमटी पाचवी-सहावी अजून व्हायची आहे, तिथे पुन्हा गळा. त्यामुळे मी म्हणेन, बसायला नाही, उभं राहायला जागा मिळेल. आणि गाडी पंधरा डब्यांची झाली तर थोडी जास्त.

जुना_फिटर

साहेब, मी माझ्या नोकरीत चार पिढ्यांच्या गाड्या बघितल्या. प्रत्येक पिढीची पहिली गाडी आली की आम्ही नारळ फोडायचो, हार घालायचो, फोटो काढायचो. तीन महिन्यांनी तिचं दार कुणीतरी अडवून उभा असायचा. तुम्ही ८:१७ सोडून एकदा ७:४० करून बघा.

आठसतरा_बदलापूर

काका, ७:४० ला कोण जातं माहितेय का? आमच्यातलेच, ज्यांना २०१४ साली कुणीतरी हेच सांगितलं होतं. तीही आता भरून येते.

खिडकीतला_वारा

रिटर्न मारा. बदलापूरहून कर्जतला जा, बसून या.

आठसतरा_बदलापूर

@खिडकीतला_वारा, कर्जतला जायच्या गाडीतही उभंच राहावं लागतं हो. परवा करून बघितलं.